कनेक्शन पूल अडकलाय? रीस्टार्टच्या आधी हे हाताशी ठेवा

ॲपने डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या, पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा म्हणजे कनेक्शन पूल. तो अडकल्यावर ॲप रीस्टार्ट केलं की पूल मोकळा होतो, तक्रारी थांबतात आणि पुरावाही पुसला जातो. मग पुढच्या गर्दीच्या वेळी तोच गोंधळ पुन्हा. त्यामुळे रीस्टार्टआधीच्या दोन-तीन मिनिटांत काय गोळा करायचं हे शांत वेळी ठरवून ठेवलेलं बरं. उदाहरणं मी स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), हिकारी (कनेक्शन पूल सांभाळणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांची घेतोय. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी एरर मेसेज जसाच्या तसा उतरवून घ्या. ‘डेटाबेस कनेक्ट होत नाही’ एवढ्या निरोपावर काम सुरू करू नका, कारण त्याखाली दोन वेगळे आजार असतात. ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ हे हिकारी बोलतेय: ॲपच्या स्वतःच्या पूलमध्ये रांग लागली आणि 30 सेकंदांची डिफॉल्ट मुदत संपली. ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ हे मात्र पोस्टग्रेस बोलतंय (मायएसक्यूएलमध्ये एरर 1040), म्हणजे सर्व्हरच भरलाय. या दुसऱ्या प्रकारात पूल मोठा करणं म्हणजे आगीत तेल.

पूलचे चार आकडे डॅशबोर्डवर आधीपासून हवेत: टोटल (एकूण), ॲक्टिव्ह (वापरात), आयडल (रिकामी) आणि वेटिंग (रांगेत थांबलेले). टोटल 10, ॲक्टिव्ह 10 आणि वेटिंग चढतंय, तर कनेक्शनं कुणीतरी धरून बसलंय. टोटलच मर्यादेपेक्षा कमी आणि तरी वेटिंग चढतंय, तर नवी कनेक्शनं बनतच नाहीयेत. मग कोड सोडून नेटवर्क, पासवर्ड आणि सर्व्हरची मर्यादा बघा.

खरा ऐवज थ्रेड डंपमध्ये, म्हणजे त्या क्षणी ॲपचा प्रत्येक थ्रेड काय करतोय याच्या नोंदीत असतो. तो घेणारं जावाचं टूल जेस्टॅक चालवायची परवानगी आणि नेमकी कमांड लिहून ठेवा, आणि दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. एका डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता तिथून जात होता हे कळत नाही. डंप उघडला की ‘गेट कनेक्शन’वर थांबलेले शंभरेक थ्रेड आधी डोळ्यांत भरतात, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. ते बिचारे रांगेतले. शोधायचे ते उरलेले मोजके, ज्यांच्या हातात कनेक्शन आहे. त्यांचा स्टॅक (कोडमध्ये कुणी कुणाला बोलावलं याची यादी) खालून वर वाचा. खाली ट्रान्झॅक्शन उघडलेली आणि वर एचटीटीपी क्लायंट सॉकेट रीडवर बसलेला दिसला, तर बाहेरच्या एपीआयच्या उत्तराची वाट बघत डेटाबेसचं कनेक्शन अडवून ठेवलंय. आणि एकही थ्रेड काम करत नाही, सगळेच कनेक्शनसाठी थांबलेत असं दिसलं, तर कोडमध्ये ‘रिक्वायर्स न्यू’ (चालू ट्रान्झॅक्शनच्या आत वेगळी नवी ट्रान्झॅक्शन उघडणारी स्प्रिंगची सेटिंग) शोधा. दहा थ्रेडनी एकेक कनेक्शन धरलं आणि प्रत्येकाला आतल्या ट्रान्झॅक्शनसाठी दुसरं हवं असेल, तर दहाच्या पूलमध्ये कुणालाच ते मिळत नाही. निदान कोंडी फुटायला अकरा लागतात.

त्याच मिनिटाला डेटाबेसची बाजूही टिपा. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (पोस्टग्रेसमधली चालू सेशन दाखवणारा व्ह्यू) वरची क्वेरी आधीच लिहून ठेवा, स्टेट, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झाली ते, वेट इव्हेंट (सेशन कशासाठी थांबलंय) आणि ॲप्लिकेशन नेम या कॉलमांसह. दुसऱ्या युजरच्या क्वेऱ्या दिसायला पीजी_मॉनिटरसारखा रोल लागतो. तो ऐन वेळी मागत बसू नका. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडी, पण काम थांबलेलं) असलेल्या ओळीत दिसणारी क्वेरी ही आधीच संपलेली शेवटची क्वेरी असते, तिला स्लो क्वेरी समजून इंडेक्स लावायला धावू नका. सेशन ‘ॲक्टिव्ह’ पण लॉकवर अडकलेली असतील, तर पीजी_ब्लॉकिंग_पिड्स कुणी अडवलंय ते सांगतं. आणखी एक: पोस्टग्रेस सुपरयुजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी) डिफॉल्टला 3 जागा राखून ठेवतं. ॲपच सुपरयुजर म्हणून लॉगिन होत असेल तर त्याही जातात आणि तुम्हालाच आत शिरता येत नाही. असं लॉगिन आजच बदला.

मग साधा हिशोब. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स मर्यादा डिफॉल्ट 100, राखीव 3, उरले 97. दहाच्या पूलचे 12 पॉड (ॲपच्या चालू प्रती) म्हणजे 120, झालं. रोलिंग डिप्लॉयमध्ये जुने-नवे पॉड काही काळ सोबत असतात, बॅच जॉब आणि रिपोर्टिंग टूल वेगळेच, तेही धरा. गरज किती याचाही अंदाज काढा: सेकंदाला 200 रिक्वेस्ट आणि प्रत्येकीकडे कनेक्शन सरासरी 20 मिलिसेकंद, तर एका वेळी सरासरी 4 कनेक्शनं वापरात. तोच वेळ 500 मिलिसेकंदांवर गेला की 100 लागतात. ‘पूल वाढवा’ म्हणण्याआधी हा होल्डिंग टाइम विचारा.

लीकचा, म्हणजे घेतलेलं कनेक्शन परतच न केल्याचा, संशय असेल तर हिकारीचं लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड चालू करा. डिफॉल्टला ते बंद असतं. मुदत तुमच्या सर्वांत संथ पण रास्त रिक्वेस्टपेक्षा जास्त द्या. वॉर्निंगमध्ये कनेक्शन जिथून घेतलं तिथला स्टॅक येतो. मागून ते परत आल्याची ओळ दिसली, तर तो लीक नाही, नुसता उशीर.

शांत रात्रीनंतर सकाळच्या पहिल्याच रिक्वेस्टी पडत असतील तर मधल्या फायरवॉलची आयडल मुदत (वापरात नसलेलं कनेक्शन ती किती वेळाने तोडते) विचारून घ्या. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेची 350 सेकंद आहे, हिकारीचं मॅक्स लाइफटाइम (कनेक्शन जास्तीत जास्त किती वेळ ठेवायचं) डिफॉल्टला 30 मिनिटं, म्हणजे मधेच तुटलेलं कनेक्शनही पूलला चालूच वाटतं. कीपअलाइव्हचा (रिकामं कनेक्शन जिवंत ठेवायला ते अधूनमधून तपासण्याचा) वेळ त्या मुदतीच्या आत ठेवा.

आणि स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) मुद्दाम पूल 2 वर आणून टेस्ट चालवून बघा. जो लीक प्रॉडक्शनमध्ये वर यायला दिवस घेतो, तो तिथे काही रिक्वेस्टींतच उघडा पडतो.