कुरडया, टाकी आणि सोलर

आमच्या लातूरच्या घरात सोलरला पहिला विरोध सासूबाईंचा. "गच्ची अडवली तर कुरडया कुठं वाळवू?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधी टेप घेऊन गच्ची मोजा. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला हिवाळ्यात लांब सावली पडते, तिथं पॅनेल नकोच. उन्हाळ्यात मात्र ऊन डोक्यावर येतं, ती जागा कुरडयांना सोडली. सासूबाई गप्प!

मग बारा महिन्यांची बिलं काढा. रुपये नाही, युनिट बघा. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. आम्ही तीन किलोवॉट घेतलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते बसवल्यानंतर खात्यात येतं. आधीची सोय तुमची.

दिरांना वाटलं, आता लाईट जाणारच नाही. तसं नसतं. बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री टोमणे.

धूळ पहाटे धुवा, तापल्या काचेवर पाणी नको.