शिगम्याचं फुटेज टेपवर

फोंड्यात मी शिगमो, जत्रा, गावची नाटकं शूट करतो. सगळं फुटेज हार्ड डिस्कवर, डिस्क कपाटात. गेल्या आषाढात एक डिस्क लावली, तर नुसती टकटक. दुसरी प्रत? तीही त्याच डिस्कवर, वेगळ्या फोल्डरात. हसू नका.

नशिबाने मडगावच्या एडिटरकडे बरंचसं सापडलं. मग सेकंडहँड एलटीओ-८ ड्राइव्ह घेतला, म्हणजे डेटा चुंबकीय टेपवर लिहिणारं-वाचणारं यंत्र. टेपवर १२ टीबी मावतं. खोक्यावरचा ३० टीबीचा आकडा कॉम्प्रेशन धरून असतो. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेला, त्यामुळे तो विसरायचा. एलटीएफएस या टेपसाठीच्या फाइल सिस्टिममुळे टेप साध्या फोल्डरसारखी उघडते.

खरी मेहनत पडताळणीत. कॉपीआधी प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा, ओळख पटवणारा आकडा) काढतो, टेपवरून परत वाचून ताडतो. रात्र जाते. पण पहिल्याच खेपेला दोन फायली जुळल्या नाहीत. दोष केबलचा निघाला!

एक टेप घरी, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात (आमच्या पावसात चपलांनाही बुरशी येते). दुसरी पुण्याला मावशीकडे. डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांवर गेली की जेल बदलतो. जुना ड्राइव्ह बिघडलाच तर एलटीओ-९ चा ड्राइव्हही या टेपा वाचतो.