फौजी पेन्शनवर येतोय? या चुका आधीच टाळा

आमचे हे 17 वर्षं नोकरी करून पेन्शनवर आले, त्या दिवशी घरात नऊ काळ्या पेट्या उतरल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. कागदपत्रं नेमकी कुठल्या पेटीत आहेत, हे मात्र दोघांपैकी एकालाही सांगता येईना. डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी संपल्याचं पुस्तक, आठव्या पेटीत, लोकरी कांबळ्यांखाली सापडलं. तोवर बँकेच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या होत्या.

आमच्या सातारा भागात फौजी काही नवे नाहीत. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव तर नावातच फौज घेऊन बसलंय. तरी बाईला या दिवसाची तयारी कोणी करून देत नाही. फौजी शेवटच्या वर्षात रिसेटलमेंटचा, म्हणजे बाहेरच्या कामधंद्याच्या तयारीचा कोर्स करतो, आपण पेट्या भरतो. सगळ्यांत मोठी चूक एकच, "ते आल्यावर बघू". बरीचशी कामं ते युनिटमध्ये असतानाच सोपी असतात.

तांदळातलं नाव

माझ्या एका जावेचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव मंगल. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं अश्विनी. आधार कार्ड निघालं अश्विनीच्या नावाने. युनिटला कागद गेले मंगलचे, आणि तिकडे कुणीतरी पुढे 'देवी' जोडून टाकलं. कागदावर नाईक रँकच्या एकाच फौजीला तीन बायका!

हसू येतं, पण पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो तेव्हा बायकोचं नाव आणि जन्मतारीख सर्व्हिस रेकॉर्डवरूनच उचलली जाते. उद्या काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शन त्याच नावाला मिळणार. म्हणून निदान दोन वर्षं आधी त्यांना म्हणा, "पार्ट टू ऑर्डरमध्ये माझं आणि पोरांचं नाव कसं आहे, त्याचा फोटो पाठवा." घरच्यांची नोंद सर्व्हिस रेकॉर्डला याच ऑर्डरने चढते. आधारशेजारी धरून एकेक अक्षर बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, पेपरमधली नोटीस वगैरे कागद जोडून युनिटच्या क्लार्ककडूनच नवी ऑर्डर काढून घ्या.

पीपीओ निघून गेला असेल तरी वाट बंद होत नाही, लांबते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. माझ्या जावेचं काम त्या पावतीमुळेच मार्गी लागलं, कारण मधल्या एका कार्यालयाचं म्हणणं होतं की कागद आलेच नाहीत.

एकदम आलेला पैसा

फंड, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स आणि कम्युटेशन, सगळं थोड्या दिवसांच्या अंतराने खात्यात येतं. आणि गावाला ते आपल्याआधी कळतं.

यातलं कम्युटेशन नीट समजून घ्या, ते बक्षीस नव्हे. आपलीच पेन्शन आगाऊ उचललेली असते. फौजीला पेन्शनच्या 50 टक्क्यांपर्यंत भाग असा विकता येतो. समजा मूळ पेन्शन 20,000 आहे आणि अर्धी विकली, तर पुढची 15 वर्षं हातात 10,000 आणि वर महागाई भत्ता. भत्ता मात्र पूर्ण 20,000 वर मोजतात. मूळ पेन्शनच शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, त्यात ही कपात. शिवाय रेशन, क्वार्टर, मिलिटरी हॉस्पिटल हे सगळं आजवर पगाराबाहेर मिळत होतं. घरखर्चाचा आकडा याच हिशेबाने आधी मांडा, मग पैशांना हात लावा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर गाडी, प्लॉट, कुणाच्या धंद्यात भागी यातलं काहीही नको. महिन्याला अमुक टक्के देतो म्हणणारा माणूस पेन्शनीचा वास घेऊनच येतो, आणि बहुतेक वेळा तोही माजी फौजी असतो, म्हणून आपण फसतो. दिराला किंवा भाच्याला उसने द्यायचे असतील तर नवऱ्याला आधीच सांगा, "'बायकोला विचारून सांगतो' असं म्हणा." वाईटपणा आपल्याकडे आला तरी चालेल.

ओटीपी कुणाच्या फोनवर?

पेन्शन आता स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरून येते. त्याला जोडलेला मोबाईल नंबर बऱ्याचदा पोस्टिंगच्या ठिकाणी घेतलेला असतो. घरी आल्यावर ते सिम बंद पडतं आणि ओटीपी हवेत जातो. नंबर आधी बदलून घ्या, पासवर्ड दोघांना माहीत असू द्या. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. पेन्शन अचानक थांबली तर पहिल्यांदा तोच बघा, उगाच घाबरू नका.

दवाखाना आणि शाळा

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचा अर्ज पेन्शनवर येण्याआधीच भरायला लावा. कार्ड हातात येईपर्यंत पावती जपा. सासू-सासऱ्यांचं नाव घालायचं तर त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. रात्री-अपरात्री यादीबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर 48 तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. हे राहिलं की बिलाचे पैसे अडकतात.

मुलांच्या बाबतीत काही गोष्टी. जालंधरला जन्मलेल्या, केंद्रीय विद्यालयात शिकलेल्या पोराचं डोमिसाईल आधीच काढा, बारावीच्या निकालानंतर धावू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात नोकरीतल्या फौजीची मुलं आणि माजी सैनिकाची मुलं यांचे डिफेन्स कोट्यातले गट वेगळे असतात. वडील मध्येच पेन्शनवर आले तर फॉर्मवर कोणता गट लिहिलाय ते तपासा. बारावीला 60 टक्क्यांवर असेल आणि व्यावसायिक पदवीला प्रवेश मिळाला असेल, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी करा. मुलीला महिना 3,000, मुलाला 2,500 मिळतात. आणि मराठी! इथल्या शाळेत ते सक्तीचं आहे. माझा धाकटा 'बाळ'चा 'बाल' करायचा. एक वर्ष आधीपासून घरात वाचून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही छावणीत कुठे शिकवलं असेल, शिवण क्लास घेतला असेल, तर छावणी सोडण्यापूर्वीच अनुभवाचा दाखला घ्या. सही करणारे साहेब बदलून जातात.

माणूस घरी येतो तेव्हा

सुट्टीवर येणारा नवरा पाहुण्यासारखा असतो. दोन महिने कोंबडं-मटण, मग स्टेशन. आता तो जाणार नसतो. इतकी वर्षं खत कधी आणायचं, पोरीला कुठल्या क्लासला घालायचं, हे आपण ठरवलेलं. त्याला एकदम "तुम्हाला काय कळतंय" म्हणणं ही चूक, आणि सगळं त्याच्या हवाली करून मोकळं होणं ही दुसरी. परत डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात भरती व्हायचं, पुण्याला सिक्युरिटीला जायचं की शेतीच बघायची, हेही त्याच्या मित्रांच्या बैठकीत ठरू देऊ नका.

आमच्या ह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे एका रांगेत उभे केले. मला मीठ सापडेना. भांडणाऐवजी मी लाईट बिल, पोरांची ने-आण आणि सोसायटीतलं खताचं काम त्यांच्याकडे दिलं. डबे पुन्हा माझ्या जागी लावले. मिठाचा डबा तेवढा अजून त्यांच्या रांगेत आहे.