टॉवरमधली आगीची घोषणा: शब्द बेडरूमपर्यंत पोहोचवायचा कसा

लॉबीत दोन स्पीकर लावले की मजल्याचं काम झालं, असं कोटेशनमध्ये बरेचदा गृहीत धरलेलं असतं. सही करण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडून पाहा. साध्या सीलिंग स्पीकरचा आवाज १ वॉटवर, १ मीटर अंतरावर ९० डेसिबल धरा. ६ वॉटच्या टॅपवर (टॅप म्हणजे स्पीकर किती वॉट घेणार, ते ठरवणारी जोडणी) तो सुमारे ९८ होतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे २ मीटरवरच्या फ्लॅटच्या दारापाशी ९२. अग्निरोधक मुख्य दार त्यातले साधारण ३० खातं, बेडरूमचं बंद दार आणखी २०. उशीपाशी उरतात ४२. झोपलेला माणूस जागा व्हायला तिथे ७५ लागतात! ४२ चा आवाज पंख्याच्या घरघरीतच विरून जाईल. म्हणून स्पीकर बेडरूममध्येच हवा. तिथे १.५ वॉटचा टॅप पुरतो. ३ मीटरवर साधारण ८२ डेसिबल मिळतात.

अॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यायचा, ते यावरूनच ठरतं. २० मजले, मजल्याला ४ टूबीएचके: ८ बेडरूमचे १२ वॉट, लॉबीतल्या ३ वॉटच्या दोन स्पीकरचे ६, मिळून १८. सगळ्या मजल्यांचे ३६०. दोन जिन्यांत एक मजला सोडून ६ वॉटचा स्पीकर, त्याचे १२०. एकूण ४८०. हे अ आणि ब अशा दोन लाइनींवर आलटून पालटून वाटा, म्हणजे एक लाइन तुटली तरी अख्खा मजला मुका होत नाही. प्रत्येक लाइनीवर २४० वॉट आणि २५ टक्के राखीव, म्हणून ३०० वॉटचे दोन अॅम्प्लिफायर, शिवाय बिघाड होताच आपोआप जागा घेणारा तिसरा.

जिन्यात अडचण वेगळी असते. टाइल आणि काँक्रीटवरून आवाज घुमतो, एक शब्द दुसऱ्यावर चढतो. व्हॉल्यूम वाढवला तर गोंगाट वाढतो, कळत काहीच नाही. टॅप कमी करा, स्पीकर वाढवा, आणि काम ताब्यात घेताना स्पीच ट्रान्समिशन इंडेक्सची, म्हणजे शब्द किती स्पष्ट कळतात याच्या ० ते १ मधल्या मापाची, मोजणी लेखी मागा. तो ०.५ च्या खाली असेल तर बिल थांबवा.

वायरिंगमध्ये सर्वात जास्त फसगत होते ती एफआरएलएस केबलमुळे. ही केबल आग पसरवत नाही आणि धूर कमी सोडते, पण ज्वाळेत सापडली की सर्किट जातं. आगीतही चालू राहणारी फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी असते. कोटेशनमध्ये तीच लिहून घ्या. केबल धरणारे क्लिप आणि सॅडल धातूचेच हवेत, प्लास्टिकचे वितळून केबल लोंबकळते. स्पीकरला सिरॅमिक टर्मिनल आणि थर्मल फ्यूज असावा, नाहीतर एक जळालेला स्पीकर अख्खी लाइन शॉर्ट करतो.

अॅम्प्लिफायरचा रॅक बेसमेंटमध्ये ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. कंट्रोल रूम तळमजल्यावर, जोत्यापासून उंच घ्या.

संदेश आधीच मराठी आणि हिंदीत रेकॉर्ड करा. आधी ४ ते १० सेकंद टोन, मग सेकंद-दोन सेकंद शांतता, मग शब्द: ‘इमारतीत आग लागली आहे. लिफ्ट वापरू नका. जवळच्या जिन्याने लगेच खाली उतरा.’ वाक्यं छोटी, बोलणं संथ. आगीचा मजला आणि त्याच्या वर-खालचे मजले आधी रिकामे करायचे, बाकीच्यांना सावध राहण्याचा संदेश द्यायचा. सगळे एकदम निघाले तर जिना तुंबतो. अग्निशमन जवानाच्या माइकला सगळ्या रेकॉर्डिंगवर प्राधान्य हवं. गणपतीत याच यंत्रणेवरून आरती लावत असाल तर फ्लॅटमधल्या व्हॉल्यूम कंट्रोलला ओव्हरराइड रिले, म्हणजे घोषणेच्या वेळी तो कंट्रोल बाजूला सारून पूर्ण आवाज देणारा स्विच, आहे ना, ते तपासा. तो नसेल तर ज्याने आवाज शून्यावर नेला, त्याच्या घरी आगीची घोषणाही पोहोचणार नाही.

घोषणा एकतर्फी असते. रेफ्यूज एरियात (आगीच्या वेळी थांबायला राखलेल्या सुरक्षित जागेत) अडकलेल्या, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला ‘मी इथे आहे’ सांगता आलं पाहिजे, म्हणून तिथे दुतर्फी फोन लावा. बटण दाबून बोलायचा हँड्सफ्री नमुना दिसायला सोपा. मात्र ४० डेसिबलच्या वर गोंगाट असेल तिथे तो लावू नये. आपला रेफ्यूज बाहेरून उघडा, खाली रस्त्यावर हॉर्न. तिथे रिसीव्हर उचलायचा फोनच घ्या, पण बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा ९० सेंटिमीटर ते १.२ मीटर उंचीवर. या फोनची बॅटरी वीज गेल्यावर २४ तास तग धरून वर ३ तास बोलणं चालवेल अशी हवी. घोषणेच्या यंत्रणेला २४ तास आणि वर अर्धा तास.

पावसाळ्यात रेफ्यूजमधल्या जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते आणि पॅनेलवर अर्थ फॉल्ट, म्हणजे वायरमधून जमिनीकडे गळती, दिसू लागतो. बझर सारखा वाजतो म्हणून वॉचमन तो म्यूट करतो, आणि तुटलेली लाइन महिनोन्महिने तशीच राहते. केबल बॉक्समध्ये शिरते तिथे सीलबंद ग्लँड लावा, फॉल्टची नोंदवही ठेवा. दर आठवड्याला एक फोन उचलून बोलून पाहा, प्रत्येक वेळी वेगळ्या मजल्यावरचा. फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यावाच लागतो. त्या दिवशी मेन स्विच बंद करून बॅटरीवर घोषणा लावायला सांगा, आणि सेक्रेटरींनी वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये दार लावून ती ऐकावी.