ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकायचंय? आधी थोडं ऐका

गेल्या वर्षभरात तिघांनी विचारलं, “तुम्ही तो ख्रिस्ती नीतिशास्त्राचा कोर्स केलात ना, मी करू का?” त्यातली एक नर्स, एक नुकताच पदवीधर झालेला मुलगा आणि एक आमच्या मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) निवृत्त काका. काकांना सुनेशी वाद घालायला दारूगोळा हवा होता. त्यांना मी नको म्हटलं. बाकी दोघांसाठी हे लिहितेय.

मी कळव्याला राहते, नेरूळच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. घरात रात्रीची प्रार्थना आणि नारायण वामन टिळकांची पदं. डिप्लोमा मात्र कॅथलिक संस्थेत केला, कारण एकच, शनिवारचे वर्ग तिथेच होते. आईला वाटलं, पोरगी आता ‘रोमन’ होणार. झाले नाही, पण दोन वर्षं दोन्ही घरचं जेवल्याचा फायदा झाला, तो पुढे सांगते.

पहिला निबंध दयामरणावर होता. मी जोशात बायबलमधली बारा वचनं काढली, एकाखाली एक लावली आणि शेवटी ‘म्हणून हे पाप आहे’ असं लिहून मोकळी झाले. वीसपैकी चार गुण. खाली फादरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वचनं बरोबर आहेत. प्रश्न कुठे आहे?’ मी आठवडाभर चिडून होते.

मग त्यांनी वर्गात बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातलं फक्त 20:13 हे वचन घेतलं. ‘खून करू नको.’ आपल्या मराठी बायबलमध्ये ‘खून’ हा शब्द आहे, आणि ‘खून’ म्हटलं की निम्मा निकाल लागलेलाच असतो. जुन्या इंग्रजी भाषांतरात नुसतं ‘मारू नको’ या अर्थाचं क्रियापद आहे, म्हणजे युद्ध, फाशी, स्वसंरक्षण सगळंच आत ओढलं जातं. मूळ हिब्रू शब्द ‘रात्साख’. बायबलच्याच ‘गणना’ पुस्तकाच्या 35 व्या अध्यायात, ज्याच्या हातून चुकून माणूस मेला त्याला आश्रयाच्या नगरात पळून जायची मुभा आहे, आणि तिथे त्या मारणाऱ्यासाठीही हाच शब्द येतो. तेव्हा ‘खून’ नेमका कशाला म्हणायचं, हे एका वचनावर बोट ठेवून ठरत नाही. नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की हिब्रू-ग्रीक यायलाच हवं असं नाही, पण दोन भाषांतरं शेजारी उघडी ठेवून वाचा. मी पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही वाचनालयात बसून पाहिलं. वेळ खूप जातो. जाऊ द्या.

ऐकलेलं कामाला कधी आलं, तेही सांगते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बारा दिवस व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी सुधारणेची आशा नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. ती ख्रिस्ती नव्हती. मला म्हणाली, “मॅडम, मशीन काढा असं मी म्हटलं तर मीच मारलं असं होईल का हो?” कोर्सच्या आधी असल्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, “डॉक्टरांशी बोला.” म्हणजे पळवाट.

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेत फार जुना विचार आहे. नोव्हेंबर 1957 मध्ये पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांपुढे बोलले तेव्हा त्यांनी तो नव्या यंत्रांना लावला. जीव जपायला साधारण उपाय करणं कर्तव्य आहे, पण रुग्णावर आणि घरच्यांवर बेसुमार भार टाकणारे असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी असंही सांगितलं होतं, की वेदना शमवायला दुसरा मार्ग नसेल तर आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असूनही वेदनाशामक देता येतं, हेतू मात्र वेदना कमी करण्याचा हवा. या दुसऱ्या विचाराची मुळं तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणावरच्या लिखाणात आहेत. एकाच कृतीचे दोन परिणाम होतात, एक हवा असलेला, दुसरा नको असूनही येणारा. वाचताना कोरडं वाटतं. बाकावर बसलं की समजतं.

तिला मी यातलं काहीच सांगितलं नाही. विचारलं, “बाबा शुद्धीवर असताना याबद्दल कधी बोलले होते?” ती म्हणाली, “शेजारचे काका गेले तेव्हा म्हणाले होते, मला नळ्या लावून लोकांना दाखवू नका.” मग कायद्याची बाजू समजावली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असे उपचार थांबवायला सशर्त मान्यता दिली आणि 2023 मध्ये प्रक्रिया बरीच सोपी केली, तरी डॉक्टरांची दोन मंडळं लागतात, कागद लागतात. कागद पुरे होण्याआधीच तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. तिने मला नंतर फोन केला, बिलाच्या सवलतीसाठी. तेही माझंच काम.

आता ते दोन घरचं जेवण. चर्चचं मत काय, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या चर्चचं? संततिनियमन घ्या. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) बिशपांच्या 1930 च्या लॅम्बेथ परिषदेने काही परिस्थितींत कृत्रिम साधनांना वाट दिली, आणि 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती कॅथलिकांसाठी बंदच ठेवली. टेस्ट ट्यूब बेबीचंही तसंच. कॅथलिक शिकवण 1987 च्या दस्तऐवजापासून स्पष्ट नाही म्हणते, पुष्कळ प्रोटेस्टंट पाळक (पास्टर) पती-पत्नीपुरतं असेल तर हरकत घेत नाहीत. वाशीला उतरलं की त्याच उपचारांचे फलक दिसतात, आणि आमच्या दोन्हीकडच्या जोडप्यांना तिथेच जाताना मी पाहिलंय. परीक्षेत दोन्ही बाजूंचं तर्कशास्त्र लिहा. नुसते निष्कर्ष लिहिलेत तर पेन्सिल तयार असते.

मला वाटलं होतं, नीतिशास्त्र म्हणजे शयनगृह आणि रुग्णालय. दुसऱ्या सत्राची सुरुवात मजुरीने झाली. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये लिहिलं, की मजूर कमी पगाराला ‘हो’ म्हणाला एवढ्याने मालक सुटत नाही. मजुरीत त्याचं साधं पोटपाणी नीट भागलं पाहिजे, नाइलाजाने दिलेला होकार हा जुलूमच. फादरांनी वर्गाला विचारलं, “तुमच्या घरी भांड्याला येणाऱ्या ताईंना महिन्याला भरपगारी सुट्ट्या किती?” बावीस माणसं पंख्याकडे बघत होती. मी पुढच्या महिन्यापासून चार सुट्ट्या दिल्या. नवऱ्याने विचारलं, हा कोर्स आपल्याला केवढ्याला पडणार आहे?

कामाधंद्याचं खरं सांगते, या एका डिप्लोमावर नोकरी मिळत नाही. पाळक व्हायचं असेल, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकवायचं असेल तर सेरामपूर विद्यापीठाची बीडी ही धर्मशास्त्राची पदवी किंवा त्यापुढची पदवी लागते आणि पूर्णवेळ वर्षं द्यावी लागतात. नर्स, वकील, शिक्षक, समाजसेवक यांनी आपल्या कामाला जोड म्हणून करावा. एक दार मात्र फार कुणाला माहीत नसतं. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या 2019 च्या केंद्रीय नियमांनुसार, या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य लागतात, आणि एक जागा समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्र शिकलेल्या माणसासाठी असते. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. म्हणून मी माझ्या रुग्णालयात नाही, ठाण्यातल्या दुसऱ्या एका रुग्णालयाच्या समितीवर आहे. मानधन रिक्षाभाड्याहून थोडं बरं.

पहिल्या दोन बैठकांत तोंड उघडलं नाही. सगळे औषधाच्या मात्रेवर बोलत होते. तिसऱ्या बैठकीत मराठी संमतीपत्र समोर आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा आहे.’ मला लिओंचा तो नाइलाजाचा होकार आठवला. मी विचारलं, “तुर्भे स्टोअरच्या वस्तीतली एखादी बाई हे वाचून डॉक्टरांना नाही म्हणू शकेल का?” अध्यक्षांनी विचारलं, “मग काय लिहू या?” मी म्हटलं, “लिहा, तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हटलंत तरी इथले उपचार आधीसारखेच चालू राहतील.” अर्धा तास चर्चा झाली, वाक्य बदललं. वचन एकही काढावं लागलं नाही.

परवाच्या बैठकीची फाइल काल आली, चौऱ्याऐंशी पानं. ठाण्याहून नेरूळपर्यंत बसायला मिळालं तर तीसेक होतात.