कान्हेरीला जायचं तर डबा झाकून न्या

सोमवारी जाऊ नका, ही लेणी ज्याच्या आत आहेत ते मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. मी एकदा भाचीला घेऊन गेले आणि गेटवरूनच परत फिरले.

बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून गेट चालत जाण्याएवढं जवळ. सकाळी लवकर पोहोचा. उन्हं चढली की कान्हेरीचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ बस धरा. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायच्या फंदात पडू नका. तीन नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, निवांत बसा, मग बाहेर येऊन पाण्याची टाकी शोधा. कातळात कोरलेल्या बारीक पन्हळींतून पावसाचं पाणी त्यांत उतरतं. पहिल्या पावसानंतर गेलात तर ते वाहताना दिसतं. मला मूर्तींपेक्षा हेच जास्त आवडतं. तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला. चपला नकोत.

आणि माकडं! खाऊची पिशवी हातात धरू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये तळाशी ठेवा. माझे मेथीचे पराठे पहिल्या पाच मिनिटांत गेले, लोणच्यासकट.

एवढा वेळ नसेल तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. एकेकाळी तिथे कचऱ्याचं डंपिंग होतं, आता दाट झाडी आहे. तासाभरात बघून होतं. फुलपाखरं बघायला पाऊस सरल्यावर जा.