आचके म्हणजे श्वास नव्हे

कॅज्युअल्टीत पहिली पोस्टिंग लागलेल्यांसाठी लिहितेय. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. त्याचं ३०:२ (३० वेळा छाती दाबून २ श्वास), मिनिटाला १०० ते १२० कंप्रेशन (छाती दाबणं), ५ ते ६ सेंटिमीटर खोली हे तुम्हाला पाठ असणारच. मलाही होतं. तरी चुकले.

जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोमाचं) तिसरं वर्ष. सकाळच्या ड्यूटीला निघाले होते. नाशिकच्या रामकुंडाजवळ एक काका पायरीवर बसल्या बसल्या कलंडले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तोंडात पाणी ओतायला लागलं. मी वाकून पाहिलं. तोंड उघडमिट होत होतं, घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. "श्वास चालू आहे," म्हणाले आणि त्यांना कुशीवर वळवलं. अंगावर युनिफॉर्म, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. आवाज थांबला तेव्हा कुठे मी छाती दाबायला घेतली. १०८ आली, पण काका वाचले नाहीत.

घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आचके देत होता तो." तिला कळलं, मला नाही.

म्हणून हे नीट वाचा. हृदय थांबल्यावरही ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग) थोडा वेळ असे आचके देववतो. जबडा हलतो, पण छाती नेहमीसारखी वरखाली होत नाही. दोन आचक्यांमध्ये लांब अंतर पडतं. कधी सुरुवातीला हातपायही झटकतात आणि फिट आल्यासारखं वाटतं. हाक मारा, खांदे थोपटा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर अरेस्ट, म्हणजे हृदय थांबलंय, असं समजा आणि छाती दाबायला लागा. पल्स १० सेकंदांपेक्षा जास्त शोधू नका. शंका आली तर नाहीच असं धरा. फार तर बरगडी मोडेल, ती जुळते.

व्हिडिओ बघून सीपीआर येत नाही, हे माझं ठाम मत आहे. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) घाम गाळा. आणि "येईल हळूहळू" म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा ओरडणारी सिस्टर धरा. आमच्या इन्चार्ज सिस्टर छाती पूर्ण वर येऊ दिली नाही की मनगटावर चापट मारायच्या. छाती वर आली तरच हृदयात रक्त भरतं, हे त्या चापटीने डोक्यात बसलं.

पहिल्यांदा हात थरथरतील, थरथरू देत. थरथरत्या हातांनी दाबलं तरी रक्त फिरतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, "दमले" म्हणायला लाजू नका. आणि ड्यूटीवर पोचलात की आधी डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) कुठल्या कोपऱ्यात आहे, चार्जिंगला लावलाय का, ते स्वतः जाऊन बघा.